वर्दीच्या खिशातला कागद

माझी शाळा तिसरीत सुटली. बोलतो तसंच लिहितो, कुणाला नडलं तर नडू द्या. धाकट्या भावाचं लिहायचंय. नांदेडला भरती निघाली तेव्हा गेला आणि बांगलादेशच्या लढाईत कामी आला. वय एकवीस.

आधी तार आली, मागून पलटणीचा कागद. गुरुजींनी वाचून दाखवला. शूर होता, तिकडंच अग्नी दिला, असं त्यात होतं. मरणाचं ऐकून आई गप्प बसली होती. अग्नी म्हटल्यावर उठली.

"जाळलं? आपल्यात जाळतेत का?"

आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात, गळ्यातलं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात, मग माती देतात.

दोन महिन्यांनी उदगीर स्टेशनावर त्याची पेटी आली. दुष्काळात बैल विकले होते, म्हणून मी डोक्यावरून आणली. आत वर्दी, दाढीचं सामान आणि फडक्यात बांधलेलं त्याचं लिंग. आई म्हणाली, माती द्यायची. आमचे विधी करणाऱ्या स्वामींनी नकाराची मान हलवली.

"देह न्हाई, मग समाधी कशाची?"

"वर्दीला त्याच्या घामाचा वास हाय," मी म्हणालो. "येताव का मीच मंत्र म्हणू?"

"तुला कुठं येतो मंत्र?"

"चुकला तर देव मला बोलंल, तुम्हाला न्हाई."

स्वामी आले.

तेव्हा सगळं गाव सडकेच्या कामावर खडी फोडत होतं. काम सुटल्यावर वीस-पंचवीस माणसं पहारी घेऊन तशीच आमच्या शेतात आली. जमीन एवढी वाळलेली, की पहार टणकन मागं यायची. खड्ड्यात कोनाडा केला, वर्दी उशीला टेकवून बसती केली, डाव्या बाहीवर लिंग ठेवलं. आईनं पलटणीचा तो कागद घडी घालून वर्दीच्या खिशात सारला. "त्याचा कागद त्याच्यापाशी." कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. माती दिल्यावर हात धुवायला पाणी नव्हतं. लोकांनी धोतराला हात पुसले आणि घरी गेले.

पुढं काही वर्षांनी लातूरचा जिल्हा झाला. लढाईत गेलेल्या पोरांची नावं दगडावर कोरणार, असं चावडीवर कळलं. मी लातूरला गेलो. यादीत भाऊ नव्हता.

"मामा, तुमचं गाव तवा उस्मानाबादेत होतं. तिकडं बघा," कारकून म्हणाला.

उस्मानाबादेत म्हणाले, तुम्ही आता लातूरचे. परत लातूरला गेलो आणि टेबलापुढून हललोच नाही. म्हणालो, "माणूस देशासाठी मेला, जिल्ह्यासाठी न्हाई." कारकून भला होता. म्हणाला, "पलटणीचा कागद आणा. निदान त्याचा नंबर तरी. त्याच्याबिगर मी लिहू कुणाला?"

नंबर त्याच कागदावर होता.

घरी येऊन कुदळ घेतली. दगडावर नाव मला पाहिजेच होतं. इतक्या वर्षांत तो कागद मातीत उरला असेल का, हेही सुचलं नाही. शेतात पोचलो, तर आई माझ्या मागोमाग आलेली.

"कुदळ कशाला?"

"कागद काढतो, लगेच बुजवतो. तासाभराचं काम हाय."

ती समाधीला टेकून बसली. "बसलेल्या माणसाला उठवतेत का, लेका? रजेवर आला तवा बी उभ्या उभ्याच जेवून गेला. आता बसलाय, तर बसू दे."

"आन् नाव?"

"तू मोठा हट्टी, ठाव हाय मला. मग आधी मला हितनं उकरून काढ."

कुदळ खांद्यावर टाकून मी परत फिरलो. 

दगड उभा राहिल्यावर बघायला गेलो. रागातच गेलो होतो. मला वाचायला वेळ लागतो. अक्षर अक्षर जुळवत सगळी नावं वाचली. भावाचं नव्हतंच. कोण कुठल्या गावचा, तेही होतं. तिथं राग धरून ठेवता येईना.

घरी आईनं विचारलं, "किती हायेत?"

"लई हायेत."

"समद्यास्नी माती मिळाली का?"

"ते कसं कळावं?"

तिनं जात्याचा खुंटा सोडला. मग म्हणाली, "ध्यानात असतील तेवढी नावं सांग."

मला चारच आठवली. ती सांगितली. तिनं दोनदा म्हणून पाहिली, एक चुकलं ते मला विचारून नीट केलं. म्हणाली, "उद्या त्याच्या समाधीला बेल वाहताना घेते ह्यांची बी नावं."