आषाढातली सुपारी

वादळ गेलं आणि आमच्या स्वयंपाकघरात ऊन आलं. लग्न होऊन मुरूडला आले तेव्हापासून त्या खोलीत भर दुपारीही दिवा लावूनच भाकऱ्या थापल्या होत्या, कारण खिडकीबाहेर माड आणि पोफळींची वाडी होती, दाट, हिरवीगार. जूनमधल्या एका दुपारी ती आडवी झाली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर ऊन पडलं आणि मला पहिल्यांदा काय दिसलं, तर माझी भांडी किती कळकट आहेत ते. बाईचं लक्ष बघा कुठे.

ही बाई म्हणजे मीच, पण काही वर्षांपूर्वीची, नुकती साठी ओलांडलेली. आता तिच्याकडे बघितलं की दोन धपाटे घालावेसे वाटतात. एवढी तरुण होती आणि अक्कल म्हणून नव्हती.

आमचे हे वादळानंतर एकदाच वाडीत गेले. परत आले, हातपाय धुतले आणि ओटीवरच्या झोपाळ्यावर बसले, ते बसलेच. जेवायला उठायचे, झोपायला उठायचे, पण मागच्या दाराकडे फिरकायचे नाहीत. पनवेलहून मुलगा आला, त्याने माणसं लावून पडलेली खोडं बाजूला केली. कडेच्या थोड्या पोफळी तेवढ्या उभ्या होत्या. सुपारीचं झाड सावलीत वाढलेलं, लाडावलेलं. भोवतीचे माड गेले की मावळतीचं ऊन थेट त्याच्या खोडावर येतं आणि खोड करपतं. म्हणून त्या अंगाला झावळी बांधायची असते. शिवाय पाऊस संपला की पंप लावून पाटाने पाणी सोडायचं, त्याची पाळी चुकवायची नसते. दिवाळी झाली तरी पाट कोरडा.

"अहो, शिंपण्याचं काय?"

"बघू."

अलिबागचा एक दलाल सारखा फोन करायचा. मुंबईच्या कुणाला समुद्राजवळ बंगला बांधायचा होता. त्यालाही हे म्हणायचे, "बघू." या दोन 'बघू'पैकी आधी कुठला खरा होणार, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता. पंपाचं बटण मलाही दाबता आलं असतं. पण मी ते दाबलं की हा माणूस कायमचा झोपाळ्यावर बसला, अशी माझी पक्की समजूत. मला झाडं वाचवायची नव्हती, ह्यांना उठवायचं होतं.

त्यातच सुनेचा फोन आला. "आई, आमचा एक ग्रुप आहे. नोव्हेंबर महिन्यात प्रत्येकाने एक अख्खी कादंबरी लिहायची. रोज ठरलेले शब्द आणि संध्याकाळी ग्रुपवर आकडा टाकायचा. तुमचं नाव घातलंय."

"अगं, इथे घराची काय दशा झालीय."

"म्हणूनच घातलंय. आणि वेळ मिळाला की कादंबरी लिहीन, हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय."

टोमणा बरोबर बसला. बाई कागद घेऊन खिडकीशी बसल्या. नायिका डॉक्टर, ठिकाण हिमालय. बाईंनी हिमालय पाहिला नव्हता. बर्फ पाहिला होता तो बंदरावर, टोपलीतल्या पापलेटांच्या अंगावरचा. त्या भांडवलावर पहिल्या प्रकरणात सारखी बर्फवृष्टी. शब्द कमी पडले की नायिकेचा भाऊ एकदा 'नाही' म्हणायचा तिथे तीनदा म्हणायचा. चौथ्या प्रकरणापर्यंत तो तोतरा आहे की काय असं वाटायला लागलं. संध्याकाळी मी फुगवलेला आकडा ग्रुपवर टाकायची, मग पनवेलहून टाळ्या वाजवणारे हात यायचे, आणि आतल्या अंधारात मला रडू यायचं. वाडीतल्या पोफळींची खोडं मावळतीकडून पिवळी पडत चालली होती. बर्फ पडतोय असं लिहून मान वर केली की समोर तीच दिसायची.

शेवटी नायिकेला हिमालयातून काढलं आणि बापाच्या वाडीत आणून सोडलं. निदान काय लिहायचं ते दिसत तरी होतं.

लिहिलेलं मोठ्याने वाचून बघा, असं ग्रुपवर कुणी सुचवलं होतं. ऐकायला माणूस एकच. मी ओटीवर बसून वाचायला लागले. नायिकेचा बाप आषाढात सुपारी उतरवतो, असं एक वाक्य होतं. मुद्दाम नव्हे हो, मुसळधार पावसात बाप झाडावर चढलेला चांगला दिसेल म्हणून.

झोपाळा थांबला.

"आषाढात सुपारी?" हे म्हणाले. "शेंबडं पोर तरी असं लिहील का? दिवाळीच्या आगेमागे पिकते ती. आषाढात चढला तर बाप घसरून मरेल तुझा."

वादळापासून ह्यांच्या तोंडून एवढी वाक्यं एका दमात आली नव्हती. मी निमूटपणे आषाढ खोडला. आणि त्या क्षणी बाईंच्या डोक्यात किडा वळवळला.

दुसऱ्या दिवशी कादंबरीतल्या बापाने दोन माड हातभर अंतरावर लावले. "अंगणातल्या तुळशी आहेत का त्या?" झोपाळ्यावरून आलं. पुढच्या दिवशी त्याने रोपासाठी नारळ उलटा पुरला, मग भर माध्यान्हीला पाणी सोडलं. रोज एक चूक मी तब्येतीत रचायची, जेवणात मीठ घालावं तशी, आणि ओटीवर जाऊन वाचायची. हे चिडायचे. "तू चाळीस वर्षं इथे काय केलंस?" म्हणायचे. मी म्हणायची, "भाकऱ्या केल्या." एकदा तर हसले. कथानक कधीच मेलं होतं, नायिकेला तीन दिवस कुणी विचारलं नव्हतं, पण माझा बाप रोज नवा गाढवपणा करत होता आणि माझा माणूस बोलत होता. ग्रुपवरचे आकडे त्या दिवसांत खरे होते.

एका दुपारी मी पाट उलट्या उताराने नेला. हे तडक उठले. मागच्या दारापर्यंत आले, कडी काढली, उंबऱ्यात उभं राहून हात लांब केला, "हे बघ, विहिरीकडून असा..." आणि हात तसाच राहिला. दाखवायला समोर काही नव्हतं. उघडं आभाळ आणि पिवळी खोडं. त्यांनी हात खाली घेतला, कडी लावली आणि झोपाळ्यावर जाऊन बसले.

मला कळायला हवं होतं. पण ती बाई महाहुशार. तिला वाटलं, आज दारापर्यंत आले, उद्या बाहेर येतील, फक्त चूक आणखी मोठी पाहिजे. तिने रात्रीचं जेवण गिळून मोठी चूक शोधली. सकाळी वाचायला बसली. बाप पोफळींना झावळ्या बांधतो, पण उगवतीच्या अंगाला. मावळतीचं ऊन झाडांना मानवतं, असंही वर ठोकून दिलं होतं.

मी वाचून थांबले. झोपाळा हलत होता.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग?"

"छान लिहिलंयस," हे म्हणाले.

चाळीस वर्षांत ह्या माणसाने माझ्या आमटीलाही छान म्हटलं नव्हतं. मी कागद गोळा केले आणि आत आले. त्या दिवशी लिहिलं नाही, नंतरही नाही. ग्रुपवर सुनेने विचारलं, "आई, आकडा?" मी फोन उपडा ठेवला.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. पंप लावला, तो धूर सोडून बंद पडला. स्टुलावर चढून पोफळींना झावळ्या बांधल्या, मावळतीच्या अंगाला, सुंभाच्या वेड्यावाकड्या गाठी मारून. खोडाला हात लावला की करपलेली साल पापडासारखी सुटून हातात यायची. तरी बांधल्या.

महिना संपता संपता ह्यांनी दलालाला फोन केला. मी चहा गाळत होते. "या," एवढंच ऐकू आलं.

तो आला, बरोबर मुंबईचे साहेब. "काकू, झाडांना हे काय बांधलंय?" दलालाने विचारलं.

"ऊन लागतं त्यांना."

"राहू दे, तशी पण जाणारच आहेत."

साहेबांना हद्द बघायची होती. हे उठले, चपला घातल्या, मागचं दार उघडलं आणि वाडीत उतरले. मी ज्यासाठी रोज गाढवपणा लिहीत होते ते घडत होतं, आणि मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. हे पुढे, ते दोघे मागे. हात लांब करून ते दाखवत होते, इथून इथपर्यंत, तो दगड, ती विहीर. आवाज खणखणीत होता. पाट आडवा आला. साहेब सरळ त्यात पाय टाकून पलीकडे गेले. हे थांबले. थेंबभर पाणी नव्हतं पाटात, तरी त्याची कड ढासळू नये म्हणून त्यांनी लांब ढांग टाकली.