दोन मरळी आणि एक खुंटा

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. मासेमारीत मला आयुष्यात एकदाच यश आलं, आणि त्या यशाची आठवण झाली की आज पेन्शन खायच्या वयातही माझे कान गरम होतात.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी कारकून. चामोर्शीच्या अलीकडे एका गावात जुनी दप्तरं लावायला मला पंधरा दिवसांसाठी धाडलं होतं. दप्तरं वाळवीने माझ्याआधीच तपासली होती, त्यामुळे काम तीन दिवसांत संपलं. उरलेल्या बारा दिवसांचं काय करणार? सुदैवाने, म्हणजे तेव्हा मला ते सुदैव वाटलं, माझ्या पेटीत एक इंग्रजी पुस्तक होतं. कुणा गोऱ्या साहेबाचं मागे राहिलेलं. विषय, गळाने मासे कसे धरावेत. मी ते दोनदा वाचलं. आता तुम्हीच सांगा, पुस्तक दोनदा वाचलेल्या माणसाला काय येत नाही?

गावचा तलाव चैत्रात पार उतरला होता. मधोमधसुद्धा पाणी छातीच्या वर नाही, आणि रंग या कपातल्या चहासारखा. त्यात म्हशी. पुस्तकातलं पाणी आरशासारखं होतं आणि म्हशींचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता. हा दोष मी तलावाचा धरला.

गावात डोमाजी ढीवर होता. धंद्याने मासेमार, पन्नाशीचा, सडसडीत, तलावातल्या माशांना नावानिशी ओळखणारा. सकाळी त्याच्या घरी गेलो आणि म्हटलं, चला, डोंगा काढा, तलावाच्या मधोमध जाऊ. तो अंगणात बाज मांडत होता.

"आज नाई जमत, बाबूजी. वच्छलेले पाहाले पाहुने येऊन राह्यले. वैनगंगेच्या काठचे."

"मग त्यात काय?"

"नदीचे ढीवर ते. तलावाच्या मासोळीले चिखलाचा वास येते म्हनते. मागचे पाहुने ताटावरूनच उठून गेले, पोरीकडं पाह्यलंबी नाई. म्हनून दोन मरळी जित्या ठेवल्या हायेत. मरळ जिती असली का चव लागते. आज हे सोयरीक त्या दोन मरळीवर हाय, बाबूजी."

जिवंत मरळी ठेवल्यात कुठे, हे मी विचारलं नाही. माझं लक्ष पुस्तकात होतं.

"अन् गळ नका घेऊ," तो म्हणाला. "गढूळ पान्यात गळाले काई लागत नाई. टोपलं घ्या, बायकायसारखं."

बायकांसारखं! मी बांबूची काठी खांद्यावर टाकली.

तलावात तीन-चार बाया कंबरभर पाण्यात उभ्या राहून टोपल्यांनी चिखल चाळत होत्या. पुस्तकात लिहिलं होतं, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, काठाने वाकून जावं. मी वाकून गेलो.

"अवो, हा बाबूजी पान्याले मुजरा काऊन करून राह्यला?" एक बाई म्हणाली.

"दप्तरात काई चुकलं असंल," दुसरी म्हणाली.

मी लक्ष दिलं नाही. पुस्तकात पुढे लिहिलं होतं, पाण्यात बुडालेला खुंट दिसला की तिथेच गळ टाकावा, मोठे मासे त्याच्या आडोशाला असतात. आणि पाहतो तर काय, काठापासून वीस हातांवर चार बोटं उंचीचा एक खुंटा पाण्याबाहेर डोकावत होता. साहेबाने हे पुस्तक जणू याच तलावासाठी लिहिलं होतं. गळाला कोंबडीचं पीस बांधलं होतं, तेही पुस्तकाच्याच सांगण्यावरून. टाकला.

गळ लागला. खेचला तर येईना. सोडला तर खालून ओढ. मी पाण्यात उतरलो, घसरलो, बसलो, उठलो. धोतर चिखलाचं झालं, एक वहाण गेली ती गेलीच. शेवटी सगळा जीव एकवटून हिसका दिला आणि बाहेर आल्या हातभर लांबीच्या दोन मरळी. दोघींच्या जबड्यातून एकच दोरी ओवलेली, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला तो खुंटा.

बाया गप्प झाल्या. मला वाटलं, आदराने.

"बाबूजी, ते मरळी..." एक बाई बोलायला लागली.

"मला माहीत आहे मरळ कशी असते," मी म्हणालो. तिने पदर तोंडात धरला.

दोरीचा उलगडा मी तिथल्या तिथे केला. पूर्वी कुणा अडाणी माणसाच्या गळातून त्या दोरीसकट सुटल्या असणार. दोघी एकदम कशा सुटल्या? नवरा-बायको असतील. आणि खुंटा? झटापटीत उपटला. शिकलेल्या माणसाला कारण कधी कमी पडत नाही.

दोरी धरून मासे न्यायला सोयीची पडली. मी गावातून मुद्दाम लांबच्या वाटेने गेलो. पटवाऱ्याला दाखवल्या, वाण्याला दाखवल्या, कोतवालाला दोनदा दाखवल्या. खुंटा पुरावा म्हणून काखेत होताच. मग प्रश्न पडला, सोलणार कोण? सोलण्याचं पुस्तकात नव्हतं. गावात मरळ नीट सोलणारी बाई एकच, डोमाजीची सगुणाबाई.

तिच्या अंगणात पोचलो तेव्हा पाहुणे बाजेवर बसले होते. मुलाचा बाप हिरामण, पांढऱ्या मिशांचा, आणि त्याचा भाऊ. डोमाजी नुकताच तलावावरून आलेला, कमरेपर्यंत ओला, चेहरा राखेसारखा. सगुणाबाई दारात डोळे पुसत होती. मला वाटलं, चूल पेटत नसेल.

"डोमाजी," मी मरळी उंच धरल्या, "गढूळ पाण्यात गळाला काही लागत नाही ना?" आणि पाहुण्यांसमोर सगळी कहाणी सांगितली, खुंट्यासकट. शेवटी उदारपणे म्हणालो, "सगुणाबाई, सोलून द्या. एक तुम्हाला ठेवा."

सगुणाबाईने तोंड उघडलं.

"थांब वो," डोमाजी म्हणाला. त्याने दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे वळून हात जोडले. "आमचे बाबूजी हायेत. सरकारी मानूस, पन घरचाच. पोरीसाठी सवता पान्यात उतरून मरळी आनल्या."

सगुणाबाईने दोन्ही मरळी माझ्या हातातून घेतल्या आणि आत गेली. दोन्ही! मी एकच म्हटली होती. हा काय उद्धटपणा, असं म्हणायला मी श्वास घेतला, तोच वच्छला बाहेर आली. तिने माझ्या काखेतला खुंटा हळूच काढून घेतला आणि ओसरीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. कोपऱ्यात तसेच तीन खुंटे उभे होते. तशाच दोऱ्या. तशाच गाठी.

माझा श्वास आतच राहिला. आता मासे त्याचे म्हणावेत तर पाहुण्यांपुढे डोमाजी खोटा पडतो आणि सोयरीक मोडते. गप्प राहावं तर चोर मी, आणि वर दाता म्हणून मान घ्यायचा. मी मान घेतला.

"मंग बाबूजी, कोनचा चारा लावला होता?" हिरामणने विचारलं.

"कोंबडीचं पीस," मी खाली बघून म्हणालो.

"पीस," तो भावाकडे बघून म्हणाला. भावाला खोकला आला.

पंगत बसली. हिरामणने पहिला घास घेतला. डोमाजी हातातली वाढायची पळी तशीच धरून उभा. हिरामणने बोटं चाटली, दुसऱ्यांदा रस्सा मागितला आणि म्हणाला, "चिखलाचा वास काई नाई बा." दुपार कलायच्या आत सुपारी फुटली. मला बाजेवर मधोमध बसवलं होतं. इतका लहान मी कुठल्याही साहेबासमोर झालो नव्हतो.

निघताना हिरामणने मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाला, "बाबूजी, एक डाव आमच्या गावाले याजा. नदीचं पानी खोल हाय, वाहतं हाय, पन तुमी फिकर नका करू. दोन दिस आधी निरोप धाडजा, म्हंजे मी मासे बांधून ठेवीन."