नंबरअप्पा

नंबरअप्पांनी कधी कुणाला "काय केलं?" असं विचारलेलं मी ऐकलं नाही. एकदाच ऐकलं, आणि ते माझ्या वाट्याला आलं. त्याबद्दल पुढं सांगतोच, टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

सोलापूरच्या कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली टेबल टाकून ते नकलेचे अर्ज लिहीत बसत. समोर येणारा माणूस बहुधा घाबरलेला असे. जुना फौजदारी खटला कधीच संपलेला, सुटकाही झालेली, पण आता कुणाचा पासपोर्ट अडलेला, कुणाची नोकरी, कुणाच्या मुलीचं लग्न. निकालाची सहीशिक्क्याची नक्कल दाखवल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. बसल्याबसल्या तो माणूस सुरू करी, "अप्पा, देवाशपथ सांगतो, मी त्या दिवशी तिथं नव्हतोच..." अप्पा तळहात वर करत.

"काय केलं ते सांगू नका. नंबर सांगा."

म्हणून ते नंबरअप्पा. त्यांचं खरं नाव आवारात कुणाला ठाऊक नव्हतं. वकिलांना नव्हतं, चहावाल्याला नव्हतं, मलाही नव्हतं. मला वाटे, हा माणूस कोरडा आहे. पुढं कळलं, की समोरच्याची लाज झाकायची त्यांची ती रीत होती. नंबराला लाज नसते.

मी तेव्हा एका वकीलसाहेबांकडे कारकून म्हणून नवा लागलो होतो आणि स्वतःला अर्धा वकील समजत होतो. माझा पहिला नकलेचा अर्ज मी कुणालाही न विचारता भरला. त्यात एक रकाना होता, 'अर्जदाराचा खटल्याशी संबंध'. आरोपी, फिर्यादी, की तिऱ्हाईत, एवढंच लिहायचं असतं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'संबंध चांगले आहेत'. नकलेच्या खिडकीतल्या बाईंनी तो अर्ज शेजारच्या बाईंना दाखवला, त्यांनी तिसऱ्या बाईंना, आणि मग तो माझ्याकडे परत आला. मी बाहेर येऊन निंबाखाली उभा राहिलो. अप्पांनी अर्ज वाचला. हसले नाहीत. नवा अर्ज पुढं ओढून म्हणाले, "बसा कारकूनसाब. संबंध बिघडायच्या आत नवीन लिवू."

निवृत्तीपूर्वी अप्पा रेकॉर्ड रूममध्ये शिपाई होते. निकाली निघालेल्या खटल्यांचे कागद तिथं कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. आयुष्यभर अप्पांनी ते रुमाल खांद्यावरून आणले, सोडले, झटकले, परत बांधले. त्या धुळीनं त्यांना दोन गोष्टी दिल्या, एक म्हणजे दमा आणि दुसरी म्हणजे स्मरणशक्ती. कुठल्या सालचा रुमाल कुठल्या घोडीवर म्हणजे मांडणीवर, वाळवी कुठल्या कोपऱ्यातून आली, कुठल्या वर्षीचे कागद मुदत संपली म्हणून नष्ट झाले आणि नुसतं रजिस्टर उरलं, हे त्यांना पाठ होतं. बोलताना दर चौथ्या शब्दाला श्वास अडके, मग ते बोटानं "थांबा" अशी खूण करत आणि दम परत आला की त्याच शब्दापासून पुढं सुरू करत.

ज्याच्याकडे नंबर नसे त्याला ते घरी आईकडे पाठवत. "अव्वाची पत्र्याची पेटी उघडा. समन्स असंल, न्हायतर जामिनाचा कागद असंल. माणूस लगीनपत्रिका फेकतो, जामिनाचा कागद फेकत न्हाय." नव्वद टक्के माणसं दुसऱ्या दिवशी पिवळा पडलेला कागद घेऊन येत. त्यावर पोलीस ठाणं असे, कोर्ट असे, नंबर असे. उरलेल्यांसाठी अप्पा नावावरून शोध घेत, पण नाराजीनं. "नाव माणसाचं नसतंय," ते म्हणत, "हवालदाराच्या कानाचं असतंय." शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू विणकर घरातला श्रीनिवास रजिस्टरात शिनवास होतो, अक्कलकोटकडचा मल्लिकार्जुन मलकारी होतो. अप्पांना कन्नड, मराठी येई, तेलुगू कानानं कळे. ते एकच नाव तीन भाषांत पुटपुटत आणि हवालदारानं काय ऐकलं असेल याचा अंदाज घेत.

पण त्यांचा खरा राग होता तो दोन शब्दांवर: 'व इतर'. सहा जणांवर खटला असला तरी यादीत नाव पहिल्याचं, आणि मग 'व इतर'. "पाच जित्ती माणसं हायत त्या दोन शब्दांत," अप्पा म्हणत. "तारखेला सगळी येतेत. मार सगळी खातेत. यादीत मात्र एकच." म्हणून त्यांची शिकवण अशी: नंबर बघा, नंबराचं वर्ष बघा, वर्षाशिवाय नंबर म्हणजे नुसता आकडा. आत आपला माणूस आरोपी क्रमांक किती, ते बघा. आणि नक्कल हातात आली की शेवटचं पान आधी वाचा, मग पहिलं, मग पावतीवर सही करा.

हे सगळं मी शंभर वेळा ऐकलं होतं. एवढ्यासाठी सांगतो, की पुढं जे घडलं ते न कळल्यामुळं घडलं असं कुणाला वाटू नये.

बऱ्याच वर्षांनी होटगीचा सिद्धराम बिराजदार आमच्या वकीलसाहेबांकडे आला. वकीलसाहेबांनी त्याला माझ्याकडे ढकललं. कॉलेजात असताना गावच्या मारामारीत पोलिसांनी सहा पोरं उचलली, त्यात हा होता. खटला चालला, साक्षीदारांना कुणाला ओळखता आलं नाही, सहाही जण सुटले. आता कुर्डुवाडीला त्याची पक्की नोकरी ठरली होती. चौकशीत जुना खटला निघाला आणि निकालाची नक्कल पंधरा दिवसांत द्या असं पत्र आलं. घरात तो आणि आई. शेती दुसऱ्यानं कसायला घेतलेली. वय असं, की ही नोकरी गेली तर पुन्हा अर्ज करायचा प्रश्न नव्हता. हे त्यानं मला तीनदा सांगितलं. मी तीनदा म्हणालो, "काळजी करू नका."

आता कोर्टाचं सगळं मोबाइलवर दिसतं. मी नाव टाकलं आणि मिनिटात सापडलं: सरकार विरुद्ध सिद्धराम बिराजदार, निकाली. मला इतका आनंद झाला की मी मोबाइल नाचवत निंबाखालून गेलो.

"अप्पा, आता नंबर बोटावर!"

"वर्ष बघितलं का?" अप्पा म्हणाले. "आरोपी किती हायत त्यात?" पुढं काही बोलण्याआधीच त्यांचा श्वास अडकला. त्यांनी "थांबा" म्हणून बोट वर केलं. मी थांबलो नाही.

नक्कल मुदतीच्या आदल्या दिवशी मिळाली. आठ पानं, प्रत्येक पानावर शिक्का. शिक्के मोजले, पानं वाचली नाहीत. लखोट्यात घालून कुर्डुवाडीला रजिस्टर पोस्टानं पाठवली आणि सिद्धरामला फोन केला, "झालं काम." तो संध्याकाळी होटगीहून पेढे घेऊन आला. मी चार खाल्ले.

महिन्यानं तो परत आला तेव्हा हातात पत्र होतं. दारातच उभा राहिला, आत येईना. त्यानं एकच विचारलं, "काका, मी मोटरसायकल कधी चोरली?"

आमच्या जिल्ह्यात सिद्धराम नावाला तोटा नाही आणि बिराजदार आडनावालाही नाही. मी पाठवलेली नक्कल दुसऱ्याच सिद्धराम बिराजदारची होती, बापाचं नाव वेगळं, गाव वेगळं, आणि शेवटच्या पानावर चोरीबद्दल कैदेची शिक्षा. आमचा सिद्धराम यादीत दिसणारच नव्हता. तो आरोपी क्रमांक चार होता. तो 'व इतर'मध्ये होता. शिक्षा लपवली म्हणून त्याची निवड रद्द झाली होती.

आणि तेव्हा मी म्हणालो, "नकलेच्या खिडकीवर घोटाळा झालेला दिसतोय. चुकीचे कागद दिले त्यांनी."

किती सहज तोंडातून निघालं! सिद्धरामनं मान डोलावली. सरकारी कागदाचा घोटाळा त्याला पटायला सोपा होता. मी त्याला अप्पांकडे घेऊन गेलो. अप्पांनी नेहमीप्रमाणे काही विचारलं नाही, फक्त पेटी उघडायला सांगितली. आईच्या पेटीत जामिनाचा कागद निघाला. अप्पांना तेव्हा दहा पावलं चालवत नव्हतं, तरी ते अर्ज घेऊन स्वतः आत गेले, ओळखीच्या शिपायाला रुमाल कुठं असेल ते सांगितलं आणि बाहेर पायरीवर बसून राहिले. पाचव्या दिवशी खरी नक्कल हातात आली. अप्पांनी शेवटचं पान वाचलं, मग पहिलं, मग ती सिद्धरामला दिली. त्यानं लगेच कुर्डुवाडीला विनंतीअर्ज पाठवला. उत्तर आलं, निवड यादीची मुदत संपली आहे, जागा भरली आहे.

सिद्धराम ते उत्तर अप्पांच्या टेबलावर ठेवून निघून गेला. मीही उठलो. अप्पा म्हणाले, "कारकूनसाब, आधीच्या अर्जाची पावती दावा जरा."

पाकिटात होती. त्यांनी ती चष्म्याजवळ धरली. पावती अर्जदारच भरतो, म्हणून त्यावर खटल्याचा नंबर होता तो माझ्याच सुवाच्य अक्षरात. खिडकीनं मी मागितलं तेच दिलं होतं. मी पुटपुटलो, "अप्पा, तो नंबर..."

त्यांनी तळहात वर केला.

"नंबर नको. काय केलं ते सांगा."

मी सांगितलं. मोबाइल, मुदत, न वाचलेली आठ पानं, पेढे, आणि खिडकीवर ढकललेला दोष. शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट टायपिंग थांबवून ऐकत होता. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि पावती घडी करून माझ्या खिशात घातली. "हे मला सांगून काय उपेग? मी काय आरोपी न्हाय, फिर्यादी न्हाय. उद्या होटगीला जावा. मी येतो संगं."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. रिक्षातून उतरल्यावर घरापर्यंत जायला अप्पा तीनदा थांबले. सिद्धरामची आई उंबऱ्याशी जोंधळे निवडत होती. अप्पा तिच्याशी कन्नडमध्ये काही बोलले आणि मग माझ्याकडे बघत राहिले. मी उभ्यानंच कबूल केलं. मराठी तिला कळत होती. सिद्धराम आतून आला, त्यानंही ऐकलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आई उठली. आतून नक्कल घेऊन आली आणि माझ्यापुढं धरली. "वाचा की. काय लिवलंय शेवटी?"

मी वाचलं, "आरोपी क्रमांक एक ते सहा यांची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे."

"मोठ्यानं वाचा. ह्या भिंतीपलीकडं ऐकू गेलं पायजे. पोरगा चोर हाय म्हनून पत्र आलंय, असं गावभर झालंय."

मी मोठ्यानं वाचलं. पलीकडची बाई दारात आली. "आजून एकदा," आई म्हणाली. तिसऱ्यांदा वाचताना माझा आवाज गेला, तेव्हा शेवटचे शब्द अप्पांनी पुरे केले, अडखळत, बोट वर करून, पुन्हा त्याच शब्दापासून. मग सिद्धराम म्हणाला, "झालं. जावा आता तुमी."

परतीच्या वाटेवर अप्पांनी मला शाबासकी दिली नाही. "आता बरं वाटतंय का?" असंही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "उद्या टेबलावर लवकर या. मला आता आतपर्यंत चालवत न्हाय. अर्ज तुमी नेत जावा." मी वकीलसाहेबांची नोकरी सांभाळून सकाळचा एक तास त्यांचे अर्ज आत नेऊ लागलो. रोज शेवटचं पान त्यांना मोठ्यानं वाचून दाखवी. दोन वर्षं. शेवटी शेवटी त्यांना "नंबर सांगा" एवढंही एका दमात म्हणता येईना. ते नुसता तळहात वर करत, आणि माणसं समजून गप्प होत.

अप्पा गेले तेव्हा आवाराच्या फाटकाशी फलक लागला. त्यावर त्यांचं खरं नाव होतं. मी ते दोनदा वाचलं, तरी ओळखीचं वाटेना. खाली 'शोकाकुल' म्हणून नावांची रांग होती: मुलगा, सून, जावई, दोन वकील, आणि शेवटी जागा संपली म्हणून बारीक अक्षरात 'व इतर'.

शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. सिद्धराम होता. होटगी रोडला टेम्पो चालवतो असं ऐकलं होतं. होटगीच्या त्या दिवसानंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्यानं फलक वरपासून खालपर्यंत वाचला.

"काका, आपलं नाव शेवटच्या दोन शब्दांत हाय," तो म्हणाला. "तुमचं बी, माजं बी."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यानं अप्पांसारखाच तळहात वर केला आणि टेम्पोकडे निघून गेला.