आधी बूट झटकायचा

विट्याच्या स्टँडवर साताऱ्याची एसटी लागली, तेव्हा मी अश्विनीचे दोन्ही बूट काढले, उपडे करून झटकले, आत बोट फिरवलं आणि परत तिच्या पायात घातले. निरोपाला आलेला माझा थोरला भाऊ बघत होता. "पोरीची झडती घेतोयस व्हय रं?" तो म्हणाला. आमच्या भागातला माणूस घर सोडतो तो सोनं गाळायच्या दुकानासाठी, मद्रास नाहीतर कोईमतूर गाठायला. दादाचंही दुकान तिकडेच. "इट्याचा माणूस आन् साताऱ्याला? कायतरी लपवतोयस गड्या." लपवत काहीच नव्हतो. आम्ही निघालो होतो ते दादामुळेच.

अश्विनी, माझी मुलगी, तेव्हा पाच वर्षांची होती. तिला स्पर्श कळायचा. मांजराच्या पाठीवरून हात फिरवत ती दुपारभर बसे. पण दुखणं आणि भाजणं तिला कळत नव्हतं. जेवताना स्वतःची जीभ चावायची. तोंड रक्ताचं आणि चेहरा हसरा. चुलीजवळच्या तापल्या हंड्याला टेकून खेळायची आणि संध्याकाळी पाठीवर डाग निघायचे. आमच्याकडे मुलाचं पोट फुगलं तरी तापल्या सळईचा डाग देणारी माणसं आहेत. त्यामुळे पहिला संशय शालनवर, माझ्या बायकोवर. आई म्हणायची, "चोरून डाग देती. त्येंच्या घराण्यातच हाय आसलं." शालन आईच्या सख्ख्या भावाची मुलगी. 'त्यांचं घराणं' म्हणजे आपलंच माहेर, हे ती रागात विसरायची.

सांगलीच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "लग्न नात्यातलं का?" मी म्हणालो, मामाचीच मुलगी. दुखण्याची आणि गरम-गार कळण्याची खबर नेणाऱ्या नसा हिच्यात जन्मापासून नीट झालेल्या नाहीत, असा आजार फार थोड्यांना होतो आणि तो आई-बाप दोघांकडून यावा लागतो, असं त्यांनी समजावलं. मला हिशेब कळतो. निम्मा वाटा शालनचा, निम्मा माझा, आणि माझा निम्मा बहुधा आईकडूनच आलेला. घरी हे सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना.

दादाचा तर धंदाच असा की कसोटीवर घासल्याशिवाय सोन्याला सोनं म्हणायचं नाही. गावी आला असताना एका दुपारी सोप्यात त्यानं टाचणी घेतली आणि अश्विनीच्या तळहातात टोचली. ती हसली. आणि तिनं दुसरा हात पुढे केला.

मग गल्लीतली पोरं बाभळीचे काटे घेऊन येऊ लागली. कुणीतरी आपल्याशी खेळतंय, एवढंच तिला कळे. शालन म्हणाली, "हितं हिला कोन ना कोन तपासतच ऱ्हानार." मी साताऱ्यात एका दुकानात हिशेब लिहायची नोकरी धरली.

इथे भाड्याच्या दोन खोल्या. चूल गेली, उंच ओट्यावर गॅस आला. माझा विश्वास कशावरच नाही: खुर्चीचा खिळा, इस्त्री, उन्हात तापलेला जिना. आंघोळीच्या पाण्यात आधी माझं कोपर, चहाला आधी माझा ओठ. रोज संध्याकाळी तिचे तळपाय, घोटे आणि तोंड आतून बघायचं. परवचा म्हणतात तसं हे आमच्या घरी होतं.

शाळेत बाईंनी तिचा सुजलेला गुडघा पाहिला आणि आम्हाला बोलावून दार लोटून घेतलं. "खरं सांगा, मुलीला घरात कोण मारतं?" शालनला रडू आलं. मला आधी राग आला, मग बरं वाटलं. विट्यात संशय आला की पोरीला टोचून बघायचे. इथे आम्हाला टोचलं. डॉक्टरांचे कागद दाखवले, तरी बाईंनी ते दोनदा वाचले. तेव्हापासून मधल्या सुट्टीनंतर त्या स्वतः तिचे बूट झटकू लागल्या.

गेल्या वर्षी आई राहायला आली. "त्या डागटरवर माजा इस्वास न्हाई," उंबऱ्यातच तिनं सांगून टाकलं. दुसऱ्या सकाळी शाळेच्या वेळी तिनं अश्विनीचा बूट उचलला, उपडा केला. हरभऱ्याएवढा खडा पडला. आईनं तो बराच वेळ हातात फिरवला. "हिला कळत न्हाई म्हनं. पर खडा तर खराच हाय की," ती म्हणाली आणि दुसरा बूटही झटकला. त्या दिवसापासून डागांवरून शालनला ती काही बोललेली नाही.

दादा, यंदा तू जत्रेला मद्रासहून येणार असं आई सांगते. आम्हीही येऊ. तुम्हा बाहेर गेलेल्यांसारखंच मलाही कुणी गाव विचारलं की तोंडून विटाच येतं. अश्विनी आता स्वतःचे बूट स्वतः झटकते. पण कुणी हात पुढे कर म्हटलं, की अजूनही करते, हसून. म्हणून विट्याला आल्यावर मी आधी घराच्या दारातच उभा राहून बघणार. तिला कुणी हात पुढे कर म्हणालं नाही, तरच पिशव्या आत आणेन.