उमाळकरांच्या पिकअपचं पायदान

मार्चच्या शेवटी आमच्या आनंद नगरच्या गल्लीत बातमी फुटली, की बाळकृष्ण उमाळकर पार्षदाच्या निवडणुकीला उभे राहणार. पुरावा काय, तर त्यांनी आपल्या पिकअपला दोन्ही बाजूंनी पायदान लावायला घेतलं होतं. आणि पायदान कशाला लागतं? कार्यकर्त्यांना लटकायला! समोरचे गुप्ताजी तर "उमालकर साब, हमारे घर के पाँच वोट पक्के," असं सांगून चहासुद्धा पिऊन आले. बातमी पसरवण्यात माझा हात होता, नाकारत नाही. पण खोटं ते खोटं. चहाचा कप संपेपर्यंत ज्या माणसाला एका जागी बसवत नाही, तो पाच वर्षं महापालिकेत काय बसणार?

पायदान होतं शशिकलाताईंसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी.

उमाळकर भाऊजी मूळचे अकोल्याचे. इथल्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या काढून पुन्हा बसवल्या. तिसऱ्या आठवड्यात ताईंनी हात जोडले आणि त्यांना एक जुनी पिकअप घ्यायला लावली. गोविंदपुऱ्यातल्या वर्कशॉपांचा माल भरायचा आणि मंडीदीपला पोचवायचा. शेजारच्या सीटवर ताई, मांडीवर दोघांचा डबा. जाताना भाऊजी बोलणार, येताना ताई. असं सहा वर्षं चाललं.

गेल्या दिवाळीत ताई घराच्या दारात गाडीतून उतरत होत्या. दोन्ही हातांत पिशव्या, पिकअप उंच, पाय जमिनीला पोचेना. "मार गं उडी, काही होत नाही," भाऊजी म्हणाले. ताईंनी मारली. गुडघ्याची वाटी फुटली.

ऑपरेशन झालं, पाच महिने घरात गेले. डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली तरी ताई पिकअपकडे बघेनात. दवाखान्यात जायच्या त्या ऑटोनं. भाऊजी मंडीदीपला एकटे जायचे आणि डबा तसाच परत आणायचे. हे मला कसं कळलं? त्यांची भांडी घासणारी बाई माझ्याकडेही येते.

मग मिसरोदहून ताईंच्या बहिणीचा, सुलभाचा फोन आला. अक्षय्य तृतीयेला चैत्रगौरीचं हळदीकुंकू, यायलाच हवं. ताई फोन ठेवून म्हणाल्या, "जाईन, आणि ह्यांच्याच गाडीनं जाईन. पण मला कोणी पोत्यासारखं उचलून ठेवायचं नाही. माझ्या पायांनी चढेन, माझ्या पायांनी उतरेन. नाही जमलं तर गाडी विकून टाकायची. पुन्हा तिचं नाव नको."

झालं. तेव्हापासून भाऊजींच्या हाताला चैन नाही.

आधी मोजमाप. घरातले जेवायला बसायचे लाकडी पाट काढले, एकावर एक रचले आणि ताईंना त्यांच्यावर पाय टाकून चढायला लावलं. एक पाट, दोन पाट, तीन, चार. चौथ्याला ताई म्हणाल्या, "अहो, मी देव्हाऱ्यात बसू का आता?" भाऊजी जमिनीवर पालथे पडून स्टीलच्या पट्टीनं पाटांची उंची मोजत होते. मग वर्कशॉपमधून लोखंडी पट्ट्या कापून आणल्या, प्रत्येकीत एकाखाली एक पाच भोकं पाडली. ज्या भोकात बोल्ट घालाल त्या उंचीवर पायदान बसणार.

आता गंमत अशी, की पायदान खाली घेतलं तर जमिनीवरून पाय सहज पडतो, पण तिथून गाडीत चढणं अवघड. वर घेतलं तर गाडी जवळ, पण पहिलंच पाऊल जड. रोज सकाळी सहाला खडखड सुरू. दुसरं भोक, चौथं, पुन्हा तिसरं. दुपारी त्या उन्हातही गाडीखालून दोन पाय बाहेर दिसायचे. एकदा मला हाक मारली.

"वहिनी, तुमची उंची हिच्याएवढीच ना? जरा चढून दाखवा."

"चढते. वजनही विचारणार आहात का?"

"ते दिसतंय."

मी चढले. माझ्यानंतर शेजारच्या मनोरमाबाई चढल्या, गुप्ताजींची सून चढली. सगळ्यांना जमलं. पण आमचे गुडघे धड होते, त्यामुळे भाऊजींचं समाधान होईना. शेवटी रविवारी ताईंनाच बाहेर आणलं. ताई गाऊनवर आल्या, दाराजवळची दांडी धरली, चांगला पाय आधी, दुखरा मागून, आणि दोन पावलांत सीटवर. लगेच उतरवूनही पाहिलं. तिसरं भोक नक्की झालं. भाऊजींनी बोल्ट आवळले आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा खुर्चीत बसून चहा प्यायले. अर्धा.

अक्षय्य तृतीया. सकाळी दहाला निघायचं, म्हणून पावणेदहाला गल्ली दारात. भाऊजी पांढऱ्या झब्ब्यात, गाडी धुतलेली. ताई बाहेर आल्या त्या मोरपंखी पैठणी नेसून. काय दिसत होत्या! दांडी धरली, पाय उचलला, आणि पाय वीतभर वर जाऊन थांबला. पुन्हा उचलला, पुन्हा थांबला. पैठणीचा घेर तो केवढा, आणि निऱ्या सुटू नयेत म्हणून नेसलेली घट्ट. चार पाट मोजले, पाच भोकं पाडली, पण सगळी मापं गाऊनवर घेतलेली! हळदीकुंकवाला कोणी गाऊन घालून जात नाही, हे चौतीस वर्षं सुतासुताचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ताईंचा चेहरा उतरला. दांडीवरचा हात सुटला.

"थांब, थांब. एक भोक खाली घेतो, दहा मिनिटं," म्हणत भाऊजी झब्ब्यासकट गाडीखाली गेले. पाना आपटल्याचा आवाज. पायदान खाली आलं. ताईंचा पाय पायदानावर पडला, पण तिथून गाडीत जाईना. साडी तिथंही आडवी. पुन्हा वर. पुन्हा खाली. पुन्हा वर, तिसऱ्यावर. झब्ब्यावर ग्रीसचे पंजे उमटले. गुप्ताजींनी "भाभीजी, हम कुर्सी पे उठा देते हैं," म्हटलं आणि ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी पाचही वोट परत घेतले असावेत.

ताई घरात गेल्या. दार लागलं. गाडीखालचा आवाज बंद झाला. भाऊजी बाहेर आले, पाना हातात तसाच, दाराकडे बघत उभे. मीसुद्धा गप्प. आता विचार करा.

दहा मिनिटांनी दार उघडलं. ताई सासूबाईंचं जुनं हिरवं नऊवारी लुगडं नेसून बाहेर आल्या. कासोटा पक्का, दोन्ही पाय मोकळे. "कुठल्या भोकावर आहे?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या."

"असू द्या."

दांडी धरली, एक, दोन, सीटवर. "चला, की मी चालवू?"

ते दिवेलागणीला परतले. मी तुळशीला दिवा लावायचं निमित्त करून फाटकापाशी होतेच. भाऊजी उतरून धावत पलीकडच्या बाजूला गेले, पण हात लावला नाही, नुसते शेजारी उभे राहिले. ताईंनी दुखरा पाय आधी पायदानावर टेकवला, मग दुसरा, मग जमीन. ओटीतले हरभरे सांभाळत सरळ घरात गेल्या. भाऊजी गाडीलाच टेकले आणि मोठा श्वास सोडला.

मला राहवतंय थोडंच. म्हटलं, "काय भाऊजी, दीड महिना गल्लीची झोपमोड केलीत, आणि शेवटी काम केलं तुमच्या आईच्या लुगड्यानं! काढून टाका आता ते पायदान."

भाऊजींनी खिशातून पाना काढला, खाली वाकून बोल्ट तपासला आणि मान वर न करता म्हणाले, "वहिनी, ती पडली होती उतरताना, चढताना नाही. आता उतरली ना नीट? मग जा, तुमचा कुकर केव्हाचा शिट्ट्या देतोय."