आडनावाचा रकाना

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतली सोनूबाई सकाळी अकराला झेरॉक्सच्या दुकानात शिरली आणि टेबलावर पिशवी ठेवून म्हणाली, "संघे, यादीत माझं नाव दाखव."

संघमित्रा प्रिंटरमध्ये कागद भरत होती. तीनशे बारा घरांची यादी. वरच्या गल्ल्यांना नळ मिळावा म्हणून ती आज तीनच्या आत पाण्याच्या ऑफिसात पोचवायची होती. नाव यादीत असेल त्याच्या घराची पाहणी होणार. नसेल त्याने पुढच्या खेपेपर्यंत पायऱ्या चढत हंडे वाहायचे, आणि पुढची खेप कधी ते त्या ऑफिसलाही माहीत नव्हतं.

"असेल ना मावशी. कुठे जातंय?"

"दाखव म्हटलं ना."

संघमित्राने शोधलं. सोनूबाई नव्हती. गल्लीचं नाव टाकून बघितलं. अख्ख्या गल्लीतली तीनच घरं आली.

"मोबाईलवर फॉर्म भरून तू शेवटचं बटण दाबलंच नसशील," संघमित्रा तडकली.

"दाबलं. हिरवी पट्टी आली. 'नोंद झाली' असं शेजारच्या जयंतीने वाचून दाखवलं."

"मग नेट गेलं असेल."

"हिरवं दिसलं तर मी हिरवंच म्हणणार. लाल दिसलं असतं तर तुला तिथंच धरलं असतं."

नोंदणीची ही वेबसाइट संघमित्राने एकटीने बनवलेली. बारावीनंतर शिक्षण सुटलं, तेव्हापासून तेरा वर्षं ती या दुकानात बसून लोकांचे फॉर्म भरून देते. वेबसाइट बनवायला तिला कोणी शिकवलं नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, गिऱ्हाईक नसताना दुकानाच्या कॉम्प्युटरवर करून बघायचं. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा, आपण त्यात आपलं काम भरायचं, इतकं कळलं. पण मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर ही त्यातली तीन नावं डोक्यात बसेनात. शेवटी तिने डोळ्यांसमोर सरकारी ऑफिस उभं केलं. व्ह्यू म्हणजे खिडकी, लोकांना दिसते ती. कंट्रोलर म्हणजे खिडकीमागचा कारकून, इकडचा कागद तिकडे देणारा. मॉडेल म्हणजे आतल्या खोलीतला दप्तरवाला. डेटाबेसचं रजिस्टर त्याच्या ताब्यात, नियमही त्याचेच; त्याला पटलं तरच नोंद. ज्या ऑफिसांशी आयुष्यभर भांडली त्यांच्यामुळेच ती हे शिकली.

तिने निलेशला फोन लावला. निलेश शाळेतला दोस्त, सावंतवाडीकडचा, पवईत एका कंपनीत हेच काम करतो. त्याला विचारणं तिला जड जायचं, कारण तो मदत करायचा पण चिमटा काढल्याशिवाय नाही. स्क्रीनचे फोटो पाठवले. दोन मिनिटांत तो हसायला लागला आणि तिच्याच ऑफिसच्या भाषेत बोलला.

"तुझा कारकून दप्तरवाल्याला म्हणतो, हे ठेव. बरोबर? मग त्याने ठेवलं का, ते विचारतो का तो?"

संघमित्रा स्क्रीनवरच्या ओळी पुन्हा वाचू लागली.

"नाही विचारत. कागद आत सरकवला की इकडे हिरवी पट्टी. झकास कारकून पाळलायस."

"टोमणे नंतर मार रे. दप्तरवाल्याने ठेवलं का नाही ते सांग."

"त्याचे नियम वाच की. तूच लिहिलेयत."

तिने मॉडेलची फाइल उघडली. नियमांच्या चार ओळी होत्या. तिसरी ओळ: आडनाव कोरं चालणार नाही.

ही ओळ तिने लिहिलेली नव्हती. कुठल्याशा धड्यातून चारही ओळी जशाच्या तशा उचललेल्या.

सोनूबाईच्या गल्लीत बहुतेक घरं आडनाव लावत नाहीत. संघमित्राच्या बापाने, राजारामने, पंचवीस वर्षांपूर्वी विहारात उभं राहून ते सुरू केलं होतं. आपलं नाव, आईचं किंवा बापाचं नाव, बस. आडनाव ऐकलं की समोरचा आधी जात हुंगतो आणि मग कामाचं बघतो, असं तो म्हणायचा. ती स्वतः 'संघमित्रा राजाराम' एवढीच सही करते. त्या एका कोऱ्या रकान्यासाठी ती किती खिडक्यांवर कडाकडा भांडली असेल. आणि तिने स्वतःची पहिली खिडकी उघडली ती बापाच्याच गल्लीला परत पाठवणारी. तेही गोड बोलून, हिरव्या पट्टीत.

तिने फोन पुन्हा कानाला लावला. "निलेश, वाट लागली यार. नोंदणी होऊन बारा दिवस झाले. आत्ता गल्लीत कोण भेटणार? सगळे कामावर."

"थांब जरा. लॉग बघ. खिडकीवर आलेला प्रत्येक कागद सांगाडा आपल्या वहीत उतरवून ठेवतो, नोंद होवो न होवो." मग त्याचा आवाज बदलला. "पुसला नाहीस ना? मागे मी म्हटलं होतं, फुगलाय, साफ कर."

"नाही पुसला."

"का?"

"तू ज्या सुरात सांगितलंस ना, म्हणून."

"तुझ्या गरम डोक्याचा पहिल्यांदाच कुणाला उपयोग झाला," निलेश म्हणाला.

लॉगमध्ये सगळे होते. परत गेलेली सत्तेचाळीस घरं, नाव, गल्ली, माणसं, फोन, एकेकाचा कोरा रकाना. संघमित्राने ती तिसरी ओळ उडवली, कारकुनाला विचारायला शिकवलं, आणि सत्तेचाळीस कागद पुन्हा आत सरकवले. या वेळी प्रत्येकाची नोंद रजिस्टरात डोळ्यांनी बघूनच पुढचा घेतला.

"सोनूबाई, आई ठकूबाई, माणसं पाच," तिने वाचलं.

"सहा कर. सुबोधच्या बायकोला परवा मुलगी झाली."

तिने सहा केलं. मग स्क्रीनकडेच बघत म्हणाली, "मावशी, तू बटण दाबलं होतंस."

"मला माहितेय."

अडीच वाजता दोघी ऑफिसच्या खिडकीवर होत्या. कारकुनाने पानं चाळली. "यात काहींना आडनावच नाही."

"नाही."

"असं कसं?"

"तुमच्या नमुन्यात तो रकाना नाही. बघून आलेय मी."

त्याने नमुना काढून बघितला, खांदे उडवले, शिक्का मारला आणि पोच सरकवली. "झालं. जा."

संघमित्रा हलली नाही. "रजिस्टर दाखवा."

त्याने कपाळाला आठ्या घालून ते फिरवलं. आजची तारीख, आवक क्रमांक, तीनशे एकोणसाठ घरं. तिने दोनदा वाचलं.

"हिरवं हाय का?" मागून सोनूबाईने विचारलं.

"निळं आहे मावशी. शाईचं."

"मग चल, चहा पाज."