डाव्या वर्तुळाबाहेरचे नऊ डाग

"शेखर, सुहास गेला." त्याच्या बायकोचा, मेधाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. हृदयविकाराचा झटका... फोन ठेवून मी मीटिंगमध्ये परत जाऊन बसलोसुद्धा. त्याला आता पाच आठवडे झाले, तरी एका जागी बसवत नाही.

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात आमची टेबलं समोरासमोर. त्याआधी तो मेलबर्नला होता, तिथून ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड घेऊन आला. शनिवारी सकाळी त्याच्याकडे पोहे, टीव्हीवर मॅच आणि वाद ठरलेला. तिथले व्यावसायिक क्लब दरवर्षी नवी पोरं निवडतात. मी म्हणायचो, उंच, वेगवान, उड्या मारणारी घ्यावीत. बाकीचं शिकवता येतं. या खेळात चेंडू एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने साथीदाराकडे मारतात. सुहास चिडायचा. "अरे, विशीपर्यंत ज्याला दोन्ही हातांनी धड पास देता येत नाही, त्याला कोण शिकवणार? तुला मोजता येतं तेवढंच खरं, गेनाऊ?" मीही जर्मनमध्ये गेनाऊच म्हणायचो, अगदी बरोबर. पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे आम्ही दोघं इथे ज्या हौशी संघात हाच खेळ खेळायचो, त्याची निवड माझ्याकडे आली. मी एक्सेल केलं: वीस मीटर धाव, उडी, दम. सेहेचाळीस वर्षांचा सुहास तळाला. त्याला वगळलं आणि ईमेलने कळवलं, सोबत यादी जोडून. समोर बसणाऱ्या माणसाला ईमेल. शनिवारचे पोहे बंद झाले. चुकलं हे मला कळत होतं. पुढच्या आठवड्यात बोलू, पुढच्या आठवड्यात बोलू, म्हणत मी अख्खा उन्हाळा घालवला.

मेधा आता पुण्याला परत चालली आहे. भाड्याचं घर सोडताना भिंती पांढऱ्या करून द्याव्या लागतात, म्हणून रविवारी रोलर घेऊन गेलो. खाली केलरमधल्या, म्हणजे तळघरातल्या, एका भिंतीवर खडूची दोन वर्तुळं होती, आत चेंडूचे करडे डाग, एकावर एक.

"हे उजव्या हाताचं, ते डाव्याचं," मेधा म्हणाली. "तुझी ईमेल आल्यापासून रोज खाली यायचा. म्हणायचा, पुढच्या निवडीला शेखर बघेल."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ती वर गेल्यावर मी मोजले... सवयच ती. उजव्या वर्तुळाबाहेर सात डाग, डाव्याबाहेर नऊ. आतले मोजताच येईनात. एवढी साधी चाचणी होती, एक भिंत आणि एक खडू.

सोमवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. तीन भिंती झाल्यावर ती चौथीही मीच पांढरी केली. सुहासला मी दुसऱ्यांदा वगळलं.